तुमच्याकडे कसं असतं हो?

मैत्रिणींनो, आमच्या घरी सध्या संध्याकाळी कोरियन मालिका लागते. लागते म्हणजे नात लावते, आणि भाजी निवडता निवडता मीही बघते. भाषा ओ की ठो कळत नाही. खाली इंग्रजी अक्षरं धावतात ती वाचून होईपर्यंत पुढची बाई रडायला लागलेली असते. पण सासूसुनांची धुसफूस, देणंघेणं, शेजारणीचं नाक खुपसणं सगळं ओळखीचं, त्यामुळे फारसं अडत नाही.

परवाच्या भागात खानावळीत वाढणारी एक बाई होती. ती तोंड उघडायची, की गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायची. मी विचारलं, "ही कोरियन नाही का गं?" नात म्हणाली, "आहे ना आजी. पण चीनहून आलेली कोरियन. हिचे पणजोबा कधी तरी तिकडे गेले, ही आता परत आली. बोलणं वेगळं, म्हणून सगळे तिला चिनीच म्हणतात."

मग तिने मला सगळं वाचून दाखवलं. गेल्याच्या गेल्या शतकात दुष्काळाने आणि पुढे जपानी अंमलाच्या जाचाने पुष्कळ कोरियन माणसं सरहद्द ओलांडून चीनच्या यानब्यान भागात गेली. त्यांनी तिथे भातशेती केली, भाषा जपली. १९९२ साली चीन आणि दक्षिण कोरिया यांचे राजनैतिक संबंध जुळले, तशी त्यांची नातवंडं कामधंद्यासाठी परत येऊ लागली. बायका खानावळीत राबायच्या, नाही तर दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची उस्तवार करायच्या. त्यांना 'चोसनजोक' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'कोरियन जातीचे' एवढाच, पण सोलमध्ये तो नाक मुरडून उच्चारतात म्हणे. परदेशी राहणाऱ्या कोरियनांना मायदेशी येणं सोपं व्हावं म्हणून १९९९ साली तिथे कायदा झाला. त्यातही १९४८ च्या आधी, म्हणजे तिथलं सरकार स्थापन होण्याच्या आधी, गेलेल्यांची मुलंबाळं वगळली. अमेरिकेतल्यांना दार उघडं आणि चीन-रशियातल्यांना बंद! २००१ साली तिथल्या न्यायालयाने हे गैर ठरवलं आणि २००४ साली कायदा बदलला.

ऐकता ऐकता माझा हात मेथीत तसाच राहिला. ही गोष्ट मला ठाऊक होती. अलिबागच्या इस्राएल आळीतली.

माझं माहेर अलिबाग. माझी बालमैत्रीण त्या आळीत राहायची. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिने तसं बजावलं आहे. "लिही काय लिहायचं ते, पण नाव घालू नकोस. माझ्या सुनेच्या मैत्रिणी भोचक आहेत." त्या मराठी वाचणार आहेत थोड्याच! पण असो. आडनावाच्या शेवटी 'कर' होतं एवढं सांगते. किहीमकर, पेणकर, नवगावकर, तसंच गावावरून पडलेलं.

ती माणसं बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. त्यांची समजूत अशी, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या बुडाल्या. त्यांनी इथे तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. बोलणं आपलं कुलाब्याकडचं, बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र. प्रार्थनेच्या जागेला ते स्वतःच मशीद म्हणत. बिरड्याचा रोजा, खिरीचा सण अशी त्यांच्या सणांची नावं. त्यांची ओळख पटली कशी, त्याचीही एक गोष्ट तिच्या आजीकडून मी ऐकली आहे. दावीद राहाबी नावाचा एक शिकलेला यहुदी गृहस्थ फिरत फिरत कोकणात आला. ही माणसं खरंच आपल्यापैकी का, हे बघायला त्याने घरातल्या बायकांपुढे मिश्र मासळीची टोपली ठेवली आणि म्हणाला, रांधा. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. झाली ओळख!

गोष्ट खरी किती, खोटी किती, ते विद्वानांनी बघावं. मी मात्र तिच्या आईला बाजारात बघितलेलं आहे. पापलेट घ्यायची, रावस घ्यायची. कोळंबी, चिंबोरी, मुशी यांच्याकडे ढुंकून बघायची नाही. कोळीण ओरडायची, "इस्राएलीन बाय, आज ताजी कोळंबी हाय," आणि दोघी हसायच्या. मटणाच्या रश्श्यात ती दही घालत नसे, नारळाचं दूध घालायची. मांस आणि दुधदुभतं एकत्र चालत नाही म्हणून. तो रस्सा मी आजही तसाच करते आणि इकडच्या बायकांना सांगते, ही कोकणची रीत. खरं तर ती त्या घराची.

तिची मोठी बहीण लग्नाआधीच मामांबरोबर इस्राएलला गेली होती. १९४८ साली तो देश झाला, तेव्हापासून अलिबाग-पेण-रोह्याकडची, मुंबईतली कुटुंबं एकेक करून निघत होती. कुणी हाकललं म्हणून नव्हे. हजारो वर्षं प्रार्थनेत ज्या गावाचं नाव घेतलं ते आता नकाशावर आलं, म्हणून निघाली. तिथे एका मुलाशी बहिणीचं ठरलं. मुलगा आपल्याकडचा नव्हता, युरोपातून आलेल्या घरातला होता. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी फर्मान काढलं होतं, की बेने इस्राएल माणसाला समाजाबाहेर लग्न करायचं तर त्याच्या आईच्या, आजीच्या, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. तिथे आईवरून जात ठरते. बहिणीच्या गावातल्या कचेरीत कारकुनाने कागद पुढे सरकवला. आईची आई कोण? तिची आई कोण? तिचं लग्न कुणी लावलं?

ते पत्र अलिबागला आलं तो दिवस मला आठवतो. तिची आई ओसरीवर बसली होती आणि पत्र मांडीवर. माझी आजी उठून पलीकडे गेली. पणजीचं लग्न कुठल्या साली, हे कुणाला सांगता येईना. बायकांची सालं वेगळी असतात ना! प्लेगच्या आदल्या वर्षी, थोरलीच्या वेळी दिवस होते तेव्हा, असा हिशेब. शेवटी माझी आजी म्हणाली, "हिच्या आईच्या लग्नात मी जेवले आहे. मेंदी बघितली आहे. माझी साक्ष चालते का विचार." सगळ्या हसल्या. आजी मात्र हसली नाही. तिला खरंच वाटत होतं, की आपली साक्ष चालावी.

ती चालली नाही हे उघडच आहे. १९६४ च्या उन्हाळ्यात ही सगळी मराठी माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेत ठराव झाला, की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत आणि त्यांच्याबाबत भेद करू नये. मग फर्मानातून त्यांचं नाव गेलं आणि 'ज्याच्याबद्दल शंका असेल तो' असे शब्द आले. बहिणीचं तोवर मोडलं होतं. पुढे तिने पेणकडच्याच एका मुलाशी लग्न केलं. सुखाचा संसार केला, पण त्या कागदाचं नाव काढलेलं तिला चालत नसे.

तरीही १९६६ साली माझी मैत्रीण, तिची आई आणि दोघे भाऊ निघाले. वडील आधीच वारले होते, अलिबागलाच पुरले होते. माझी आई निरोपाला म्हणाली, "जा बाई, आपल्या घरी चाललीस." मैत्रीण म्हणाली, "काकू, मग हे काय होतं?" आईला काही बोलता आलं नाही. तिने पाच नारळ आणि पायलीभर वाल बांधून दिले.

तीन वर्षांनी मी लग्न होऊन जयसिंगपूरला आले. हे गाव शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलेलं. पेठ आखूनरेखून केलेली, रस्ते सरळ, गल्ल्यांना पहिली, दुसरी, तिसरी अशी नावं. इथे मूळचा म्हणावा असा माणूस सापडायचा नाही. कुणी गुजरातकडून आलं, कुणी मारवाडातून, कुणी नदीकाठच्या खेड्यांतून, सगळे व्यापाराच्या निमित्ताने आलेले. पण मैत्रिणींनो, त्या गावातही मी 'कोकणी' झाले. सुकी मासळी भाजली की जावेने नाकाला पदर लावावा. मी 'इलास' म्हटलं की दिराने नक्कल करावी. कुणी पाहुणी आली की पहिला प्रश्न हाच, "तुमच्याकडे कसं असतं हो?" पुढे मीही शिकले. इकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असं पुरुषासारखं बोलतात, तसं नकळत माझ्या तोंडी बसलं. एकदा माहेरून निघताना म्हणून गेले, "आई, येतो गं." सगळं घर हसलं. भाऊ म्हणाला, "कोल्हापूरची पाटलीण आली!" तो चेष्टेनेच म्हणाला, पण गाडीत बसल्यावर मला रडू आलं. तुमच्यापैकी किती जणींना हे ठाऊक असेल!

हे मी तिला पत्रात लिहिलं. तिचं उलट पत्र आलं, निळ्या हवाईपत्राच्या कडांपर्यंत भरलेलं. ती दिमोना गावी होती, वाळवंटात. कापडगिरणीत कामाला जायची. लिहिलं होतं, "तुला कोकणी म्हणतात तर आम्हांला होदी म्हणतात. होदी म्हणजे हिंदी. अलिबागला आम्ही इस्राएल होतो, हे इथे सांगितलं तर हसतात." मलिद्याला पोहे मिळत नाहीत, ही तिच्या आईची मोठी तक्रार होती. एलिया नबीच्या नावाने गोड पोहे, खोबरं, फळं असा मलिदा करायची त्यांची चाल. ती चाल तिथल्या बाकीच्या यहुद्यांना ठाऊकच नाही. शेजारची मोरोक्कोहून आलेली बाई विचारायची, हे कुठल्या धर्माचं?

आधी गेलेल्यांच्या हकिगती तिने तिथे ऐकल्या. १९५१ साली बीरशेबाकडच्या आपल्या लोकांनी 'आम्हांला हिंदुस्थानात परत पाठवा' म्हणून तेल अवीवला ठिय्या दिला होता. काळ्या माणसांनी काळा पाव खावा असं बोललं गेल्याची त्यांची तक्रार होती. पुढच्या वर्षी शंभरावर माणसं विमानाने खरंच मुंबईला परत आली. आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी काही दिवसांनी अर्ज केले, की आम्हांला पुन्हा तिकडे न्या! हे वाचून मला हसू आलं होतं. आता येत नाही.

१९९२ साली आपलं आणि इस्राएलचं राजदूतांचं येणंजाणं सुरू झालं. (तेच कोरिया-चीनचंही साल, बघा.) १९९४ च्या जानेवारीत ती आली. मी मिरज स्टेशनवर उतरवून घेतलं. पंचेचाळिशी उलटलेल्या दोन बायका फलाटावर रडत उभ्या, हमाल बघताहेत! तिचं मराठी ऐकून मी थक्क झाले. आपण सगळ्या विसरलो ते शब्द तिच्या तोंडी. जणू १९६६ साली डब्यात भरून झाकण लावलं होतं.

संक्रांतीचे दिवस होते. मी हळदीकुंकू ठेवलं. गल्लीतल्या पन्नास बायका. मला केवढा अभिमान, की माझ्याकडे परदेशी पाहुणी आहे! तिला खुर्ची दिली, बाकीच्या सतरंजीवर. पाणी उकळून गार केलेलं. फराळ सगळ्यांनी हाताने खाल्ला, तिच्या बशीत मी चमचा ठेवला. मटकीची उसळ तिच्यापुरती बिनतिखटाची केली. बायका विचारत होत्या, "तुमच्याकडे कसं असतं हो?" ती सांगत होती. मध्येच कुणाला तरी मीच समजावत होते, "अहो, त्यांच्या देशात असं नसतं."

रात्री गच्चीवर गाद्या घातल्या. ती म्हणाली, "तू मला चमचा दिलास."

मी म्हटलं, "मग काय झालं?"

"तिकडे गेल्यावर पहिल्या वर्षी सगळ्यांनी विचारलं, तुमच्याकडे हाताने जेवतात ना? म्हणून मी चमच्याने जेवायला शिकले. इथे लागणार नाही असं वाटलं होतं." थोडा वेळ थांबून म्हणाली, "आणि 'त्यांच्या देशात' तू सात वेळा म्हणालीस. मी मोजलं."

मला तेव्हाच म्हणायला हवं होतं, चुकलं गं माझं. मी काय म्हणाले? "अगं, पाहुणीचा मान म्हणून!" जिने वर्षानुवर्षं 'कोकणी' हा शब्द गिळला, तिला हे कळायला नको होतं का? दुसऱ्या दिवशी ती अलिबागला गेली. पुढे पत्रं आखूड झाली. मग नव्या वर्षाचं नुसतं कार्ड यायचं. मग तेही बंद झालं. मीही लिहिलं नाही. का, ते विचारू नका. लाज वाटली की माणूस रागावल्याचं सोंग करतं.

बारा वर्षं गेली. २००६ साली माझी आई वारली, तेव्हा अलिबागच्या पत्त्यावर तिचं पत्र आलं. मराठीत, त्याच वळणदार अक्षरात. आईने दिलेल्या वालांची त्यात आठवण होती. निम्मे वाल तिच्या आईने शिजवले नव्हते, बिरड्याच्या रोजासाठी जपून वर्षभर पुरवले होते. त्या पत्राला मी तीन ओळींचं उत्तर लिहिलं. तिसऱ्या ओळीत चमच्याची माफी मागितली. त्यानंतर आम्ही फोनवर बोलू लागलो, आणि आता तर काय, रोज 'शुभ सकाळ'ची फुलं येतात तिच्याकडून. ती मात्र नको असतात, हे तिला सांगायची हिंमत नाही.

२०१६ साली दोन गोष्टी घडल्या. महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तिकडे शास्त्रज्ञांनी बेने इस्राएलांची रक्तातली वंशावळ तपासून लिहिलं, की यांच्यात यहुदी आणि हिंदी दोन्ही वंश आहेत. मी तिला विचारलं, वाचलंस का? ती म्हणाली, "वाचलं. माझी आजी हेच सांगत होती, आणि फुकट सांगत होती!" तिच्याकडे आता आपल्या सरकारचं ते परदेशस्थ नागरिकाचं कार्ड आहे. येता येतं, राहता येतं. मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. "म्हणजे माहेरवाशिणीसारखंच," मी म्हटलं. ती एवढी हसली की फोन हातातून पडला.

तिच्या नातीचं लग्न मोरोक्कोकडच्या घरात झालं. मेंदी दोन्हीकडे आहे, त्यामुळे कुणाच्या पद्धतीने लावायची यावर वादावादी झाली म्हणे. धर्मगुरूंच्या कचेरीत कुणी पणजीचं नाव विचारलं नाही. तिने मात्र विचारायच्या आधीच नातीला सात पिढ्यांची नावं घोकून घ्यायला लावली होती.

२०२३ च्या ऑक्टोबरात तिकडच्या बातम्या बघून मी घाबरून फोन केला. म्हटलं, ये निघून, इथे खोली रिकामी आहे. ती म्हणाली, "आई इथे पुरली आहे, बाबा तिथे. मुलं इथे, तू तिथे. मी कुठल्या बाजूला निघून येऊ, सांग." मागे खणखण भोंगा वाजत होता. ती म्हणाली, "ठेवते, खोलीत जायला हवं," आणि फोन बंद झाला. पुढचा तासभर मी स्वयंपाकघरात उगीचच भांडी घासत होते.

गेल्या हिवाळ्यात भाच्याच्या लग्नाला अलिबागला जायचं होतं. तिने एकच काम सांगितलं, बाबांच्या दगडावर एक खडा ठेव. त्यांच्यात फुलं वाहत नाहीत, खडा ठेवतात. मी भावाच्या सुनेला बरोबर घेऊन गेले. गवत गुडघाभर. दोन दगड चुकले, तिसरा सापडला. वर हिब्रू, खाली मराठी. आपल्या अक्षरांनी सापडला. घरून नेलेल्या घासणीने आणि पाण्याने अक्षरं स्वच्छ केली, समुद्रावरून आणलेला खडा ठेवला आणि सुनेकडून फोटो काढवून तिथूनच पाठवला.

बराच वेळ उत्तर आलं नाही. आम्ही बाजारापर्यंत पोचलो तेव्हा फोन वाजला. नाक ओढत होती. म्हणाली, "बाबांच्या नावातली वेलांटी निघाली आहे का गं, की फोटोत दिसत नाही?" मी म्हटलं, थोडी झिजली आहे. मग दोघी गप्प. मग तिने विचारलं, "आता कुठे आहेस?"

"बाजारात."

"वाल आले असतील ना? कडवे बघून घे. पुढच्या महिन्यात माझा भाचा मुंबईला येतोय, त्याच्याबरोबर पाठव. दोन किलो. आणि माझ्या सुनेला सांगू नकोस, ती म्हणते तुमच्या देशातले वाल फार वेळ शिजवावे लागतात."